मुलांच्या ॲनिमेशन मालिकेतलं पात्र: दोष कसा रचायचा, बदल कसा दाखवायचा

मुलांसाठी मालिका लिहायला बसलं की वहीच्या पहिल्या पानावर पात्रांची यादी तयार होते. एक हुशार पण आळशी, एक शूर पण तापट, एक प्रेमळ पण भित्री. ‘पण’च्या पुढचा शब्द लिहिला की दोषाचं काम झालं असं वाटतं. पुढे आठ-दहा भाग होईपर्यंत आळशी मुलगा नुसता जांभया देत असतो, तापट मुलगा पाय आपटत असतो, आणि शेवटच्या भागात कुणी आजोबा येऊन राग किती वाईट हे समजावतात. मग तो सुधारतो. पाहणाऱ्या मुलांना हे पटत नाही. त्यांनाही घरी-शाळेत रोज कुणी ना कुणी समजावत असतं, आणि तेवढ्याने स्वभाव बदलत नाही हे त्यांना पक्कं ठाऊक असतं.

या सगळ्या लेखात माझं म्हणणं एकच आहे. दोष म्हणजे पात्राने एखाद्या जुन्या दुखण्यावर स्वतःच शोधलेला उपाय. तेव्हा तो कामी आला, म्हणून त्याची सवय झाली; आता तोच वाटेत आडवा येतो. पात्र बदलतं म्हणजे त्याला त्या उपायाची गरज हळूहळू कमी होते. एवढं मनाशी धरलं तर पुढच्या बहुतेक अडचणी लिहितानाच सुटत जातात.

उदाहरणासाठी मी पुन्हा पुन्हा एकाच मालिकेकडे वळणार आहे: ‘अवतार: द लास्ट एअरबेंडर’. मायकेल दांते डिमार्टिनो आणि ब्रायन कोनिएत्झ्को यांनी निर्माण केलेली ही मालिका निकलोडियनवर फेब्रुवारी २००५ ते जुलै २००८ या काळात आली. तीन सीझन, ६१ भाग. पाणी, माती, आग आणि हवा यांवर हुकमत असलेल्या चार समाजांची ही गोष्ट आहे. अग्निराष्ट्राने शंभर वर्षं युद्ध पेटतं ठेवलंय, आणि ते थांबवण्याची जबाबदारी आँग नावाच्या बारा वर्षांच्या मुलावर आहे. तोच ‘अवतार’, म्हणजे चारही विद्या शिकू शकणारा एकमेव माणूस; शंभर वर्षं बर्फात गोठून राहिल्यामुळे त्याचं वय तेवढंच राहिलंय. मालिका पाहिली नसेल तर पुढे बरंच कथानक उघड होणार आहे, हे आधीच सांगतो. अभ्यासासाठी मला याहून चांगली मालिका माहीत नाही.

विशेषण खोडा, क्रिया लिहा

‘तापट’ या शब्दावरून स्टोरीबोर्ड, म्हणजे प्रसंगांची क्रमवार चित्रं, काढणाऱ्याला काहीच चित्र दिसत नाही. त्याऐवजी एक वाक्य लिहा: जेव्हा अमुक घडतं, तेव्हा हा तमुक करतो. आँगचं वाक्य असं होईल: जबाबदारी अंगावर आली की तो तिथून निघून जातो. त्याच्या टोळीतल्या सोकाचं: आपण कमी पडू असं वाटलं की तो फुशारकी मारतो किंवा समोरच्याची खिल्ली उडवतो. त्याच टोळीतल्या आंधळ्या टॉफचं: कुणी मदतीचा हात पुढे केला की ती तो झिडकारते. प्रत्येक मुख्य पात्रासाठी असं एकच वाक्य ठेवा. दोन लिहावीशी वाटली तर ती एकाच मुळातून आलीत का ते तपासा. येत नसतील तर एक काढून टाका किंवा दुसऱ्या पात्राला द्या.

या वाक्याचा पहिला अर्धा भाग फार महत्त्वाचा आहे, आणि तोच बहुतेक लेखक विसरतात. दोष चोवीस तास चालू नसतो. तो कशाने तरी चेतवला जातो. ती ठिणगी ठरली की प्रत्येक भागाचं बीज आयतं हाती लागतं, कारण तुम्हाला फक्त ती ठिणगी नव्या ठिकाणी टाकायची असते.

उपाय कशावरचा, ते शोधा

या पायरीवर सगळ्यात जास्त वेळ घालवा. मागे काय घडलं होतं? त्यातून पात्राने काय धडा घेतला? तो धडा त्याला तेव्हा कसा उपयोगी पडला?

सोकाचं घ्या. गावातले सगळे पुरुष त्याच्या वडिलांबरोबर युद्धाला गेले आणि हा मागे राहिला. शिकवायला समोर शेंबडी पोरं, लढायला कुणी नाही. ‘मी योद्धा आहे’ असं मोठ्याने म्हणत राहणं हाच त्याला उभं ठेवणारा आधार होता. त्याची बहीण कटारा. तिच्या आईला अग्निराष्ट्राच्या सैनिकाने मारलं, आणि लहान वयात ती घरची आई झाली. पुढे सगळ्यांना शिस्त लावणं, सगळ्यांची काळजी वाहणं आणि झालेली जखम न विसरणं हे तिच्या अंगवळणी पडलं. टॉफ श्रीमंत घरातली. आई-वडिलांनी तिला नाजूक समजून जगापासून लपवून ठेवलं. मदत घेणं म्हणजे पुन्हा त्या कोंडवाड्यात जाणं, असं तिच्या मनात बसलं. तिघांच्याही खोडी वेगळ्या, पण प्रत्येकीमागे एक रिकामी जागा आहे आणि ती खोड त्या जागेवर बसलेली आहे.

सगळ्यात घट्ट रचना मात्र झुकोची. तो अग्निराष्ट्राचा राजपुत्र. तेराव्या वर्षी तो युद्धाच्या बैठकीत बसला असताना एका सेनापतीने कोवळ्या सैनिकांचा बळी द्यायची योजना मांडली. झुकोने विरोध केला. शिक्षा म्हणून द्वंद्व लढायचं ठरलं. मैदानात आल्यावर त्याला दिसलं की समोर सेनापती नाही, वडील उभे आहेत. तो लढला नाही, त्याने माफी मागितली. वडिलांनी त्याचा चेहरा जाळला आणि त्याला देशाबाहेर काढलं. परत यायचं तर अवतारला पकडून आण, अशी अट घातली. अवतार तेव्हा शंभर वर्षं बेपत्ता होता, म्हणजे ती अट पुरी होणं जवळजवळ अशक्यच होतं. यातून मुलाने काय शिकायचं? दया दाखवली की चटका बसतो. मान वडिलांच्या हातात आहे आणि तो कमावून आणायचा आहे. पहिल्या भागापासून आपण ज्या आरडाओरड्या, हट्टी, कुणाचंच न ऐकणाऱ्या मुलाला पाहतो, त्याचा सगळा संताप या दोन वाक्यांत मावतो.

हे आपल्याला कळतं ते थेट बाराव्या भागात. अकरा भाग आपण त्याला नुसता खलनायक समजून पाहतो. मग वादळात अडकलेल्या जहाजावर त्याचा काका आयरो खलाशांना ही हकीकत सांगतो. त्याच भागात आँग आपल्या पलायनाची कथा कटाराला सांगतो, आणि दोन शत्रूंची दुखणी एकमेकांशेजारी येऊन बसतात. नव्या लेखकांना माझी कळकळीची विनंती आहे: मूळ कारण पहिल्याच भागात फ्लॅशबॅकने सांगून टाकू नका. प्रेक्षकाने आधी दोषाचा त्रास भोगू दे, मत बनवू दे, मग कारण सांगा. तेव्हाच ते मत हलतं.

त्या भागात आणखी एक गोष्ट आहे. अवतार हाताशी आलेला असताना झुको त्याला जाऊ देतो आणि आधी जहाज व माणसं वाचवायला सांगतो. म्हणजे ज्या गुणामुळे तो जळाला, तो गुण अजून शाबूत आहे. मूळ शोधताना दोषाखाली दबलेला गुणही लिहून ठेवा. शेवटी पात्राला परतायचं असतं ते तिथेच.

आता हेच नव्या पात्रावर करून पाहू. समजा, हर्णै बंदरावर राहणारी दहा वर्षांची मंजू. तिचं वाक्य: जेव्हा कुणी तिच्या वडिलांबद्दल विचारतं, तेव्हा ती गोष्ट रचून सांगते. मूळ: वडील मासेमारी सोडून कुठेतरी लांब कामाला गेलेत, कधी येणार ते घरात कुणी बोलत नाही. एकदा संध्याकाळी मासळीच्या लिलावाच्या गर्दीत कुणीतरी तिला कीव येऊन विचारलं. ती म्हणाली, “बाबा मोठ्या जहाजावर कप्तान आहेत.” समोरच्याच्या चेहऱ्यावरची कीव त्या क्षणी गेली. उपाय लागू पडला. दबलेला गुण: तिची कल्पनाशक्ती आणि माणसाचा चेहरा वाचायची ताकद. ‘खोटारडी’ हा शब्द कुठेच लिहावा लागला नाही, आणि तरी तिच्यावर सीझनभर लिहिता येईल.

दोषाला जिंकू द्या

दर वेळी दोषामुळे नुकसानच होत असेल तर पात्र मूर्ख ठरतं. ज्याने कधीच फायदा होत नाही ते कुणी धरून कशाला बसेल? म्हणून पहिल्या काही भागांत निदान एकदा तरी दोषामुळे काम फत्ते होऊ द्या. मंजूच्या बाबतीत, वादळी रात्री दिवे गेलेत, लहान मुलं रडकुंडीला आलीत, आणि ती वडिलांच्या जहाजाची अशी काही गोष्ट रंगवते की पोरं पहाटेपर्यंत शांत राहतात. आता प्रेक्षकालाही वाटेल की हिने हे सोडू नये. इथून पुढची ओढाताण खरी वाटते.

किंमत दुसऱ्याने मोजावी

पात्राला स्वतःला ठेच लागली तर ते बिचारं वाटतं. त्याच्यामुळे आवडत्या माणसाला लागलं तर पोटात खड्डा पडतो. आँग उतावीळपणे आगीशी खेळतो आणि कटाराचे हात भाजतात. हा प्रसंग पहिल्याच सीझनचा, पण आग शिकण्याची त्याची भीती पुढे बराच काळ टिकते. एका प्रसंगाचे पडसाद इतके लांब जायला हवेत. मंजूच्या गोष्टीत किंमत तिच्या मित्राने मोजावी: “बाबा रविवारी सगळ्यांना जहाजातून फिरवणार” हे खरं मानून तो आजीचा हात धरून दिवसभर जेटीवर उभा राहतो.

इथे मुलांच्या मालिकेत हात आखडता घ्यायचा मोह होतो. प्रसंग सौम्य करून लगेच हशा आणला जातो. तसं करू नका. सहा-सात वर्षांच्या मुलालाही मित्राचा विश्वास मोडणं म्हणजे काय ते नीट कळतं. हिंसा वाढवायची गरज नाही. परिणाम पूर्ण दाखवा, म्हणजे झालं.

दोष त्या जगाच्या नियमांत गुंफा

अद्भुत जग रचत असाल तर ही पायरी सोनं आहे. आँग हवेचा माणूस. अडथळा आला की वळसा घालून जाणं ही त्याची कला आणि तीच त्याची पळवाट. दुसऱ्या सीझनमध्ये त्याला टॉफकडून मातीची विद्या शिकायची असते, आणि तिथे नियम उलटा आहे: दगडासमोर पाय रोवून उभं राहावं लागतं. तो पुन्हा पुन्हा बाजूला होतो. जखडलेल्या सोकावर जंगली जनावर चालून येतं तेव्हा कुठे तो मध्ये उभा राहतो, हटत नाही, आणि त्यानंतर दगड हलतो. स्वभावातला बदल कुणाला बोलून दाखवावा लागत नाही, कारण दगड हललेला दिसतो.

झुकोच्या बाबतीत तर याहून पुढची गोष्ट घडते. तिसऱ्या सीझनमध्ये तो चांगल्यांच्या बाजूला येतो आणि त्याची आगच विझत जाते, कारण आजवर ती संतापावर पेटत होती. त्याला आगीचं दुसरं मूळ शोधायला जावं लागतं. उपाय सुटला की मागे पोकळी राहते; ती पोकळी कशाने भरणार, याचं उत्तर तुमच्याकडे हवं. जादू नसलेल्या गोष्टीतही हे लागू आहे. मंजूने थापा सोडल्या तर गोष्टी रचणारी मंजू कुठे जाणार? तिला गोष्ट ही गोष्ट म्हणूनच सांगायची जागा द्या.

घसरण आखा

“जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही” असं आपल्याकडे म्हणतात. खोड जाते, पण सरळ रेषेत जात नाही. झुकोचा आलेख भागांच्या आकड्यांत मांडून पाहा. बाराव्या भागात मूळ कळतं. दुसऱ्या सीझनमध्ये तो निर्वासित म्हणून भटकतो, चोऱ्या करतो, एका गावात मदत करतो आणि खरी ओळख कळताच हाकलला जातो. सीझनच्या अखेरीकडे तो आँगचा पकडलेला उडता बायसन सोडून देतो आणि लगेच तापाने फणफणतो, जणू शरीरालाच तो निर्णय पेलवत नाही. मग चहाच्या दुकानात काकाबरोबर तो हसताना दिसतो. प्रेक्षक म्हणतो, झालं, आता हा सुधारला. आणि ४० व्या भागात, दुसऱ्या सीझनच्या शेवटी, बहीण अझुला त्याला घरी परतायची संधी देते तेव्हा तो काकाचा विश्वासघात करतो.

मालिकेतला हा सगळ्यात धाडसी निर्णय, असं माझं ठाम मत आहे. कारण तेव्हा त्याला हवं ते सगळं मिळतं: देश, मान, वडिलांची शाबासकी. आणि तिसऱ्या सीझनमध्ये राजवाड्यात बसून तो दुःखी आहे. जुना उपाय पूर्ण यशस्वी झाला आणि तरी दुखणं राहिलं, हे त्याने स्वतः अनुभवल्याशिवाय तो खरा बदलला नसता. ५१ व्या भागात तो वडिलांना तोंडावर सांगून निघतो. मधले दहा भाग वाया गेलेले नाहीत. बदल घडतो तो याच भागांत.

तुमच्या आखणीत तीन खुणा करा: पहिली चांगली निवड, सर्वात मोठी घसरण, आणि परत न फिरण्याची निवड. घसरण नेहमी सुधारणेच्या सगळ्यात जवळ ठेवा. तिला कारणही मोहाचं द्या. पात्र अचानक विसरलं म्हणून घसरलं, असं चालणार नाही. सीझन तेरा भागांचा असेल तर माझ्या अंदाजाने घसरण आठव्या-नवव्यात बसते, म्हणजे भरपाईला जागा उरते.

माफी हे काम आहे

आँगच्या टोळीत सामील होण्याआधी झुको काय बोलायचं याची एका बेडकासमोर तालीम करतो. प्रत्यक्षात सगळं फिसकटतं, कुणी त्याला घेत नाही, आणि रात्री बोलायला आलेल्या टॉफचे पाय त्याच्याच हातून चुकून भाजतात. त्याला जागा मिळते ती त्यानेच पूर्वी आँगच्या मागे लावलेल्या मारेकऱ्याला अडवल्यावर. स्वतः केलेलं नुकसान स्वतः निस्तरणं, ही भरपाईची कसोटी. मग मालिका प्रत्येक दुखावलेल्या माणसाला वेगळा वेळ देते. सोका लवकर मोकळा होतो. कटारा अनेक भाग त्याला माफ करत नाही, आणि आईच्या मारेकऱ्याला तर ती शेवटपर्यंत माफ करत नाही. त्याला जिवंत सोडते, तेवढंच. काका मात्र झुकोला बोलणंही पुरं करू न देता मिठीत घेतो.

मुलांना ‘सॉरी म्हण’ हे रोज ऐकावं लागतं. माफी मागणाऱ्याने थांबायचं असतं आणि माफ करायचं की नाही हे दुसऱ्याच्या हातात असतं, हे त्यांना मालिकेतून दिसलं तर मला ते मोलाचं वाटतं. म्हणून शेवटच्या दोन मिनिटांत सगळ्यांना एकत्र हसवून प्रकरण मिटवू नका.

रोज नवी गोष्ट असेल तर

प्रत्येक मालिका सलग नसते. अकरा मिनिटांच्या सुट्या भागांत, जिथे भाग कुठल्याही क्रमाने दाखवले जातात, तिथे पात्र फारसं बदलू शकत नाही. आपल्याकडच्या मुलांना तोंडपाठ असलेला ‘डोरेमॉन’मधला नोबिता आळशीच राहतो, आणि त्या गोष्टी त्याच दोषावर चालतात. त्यात कमीपणा काही नाही. अशा वेळी पात्र तेच ठेवा आणि त्याच्याबद्दलची आपली समज वाढवत न्या.

मधल्या प्रकारात, सुट्या गोष्टी पण पुढे सरकणारा काळ, एक धोका असतो: तोच धडा पुन्हा. ‘माय लिटल पोनी: फ्रेंडशिप इज मॅजिक’ या २०१० ते २०१९ चाललेल्या मालिकेत फ्लटरशाय ही भित्री पोनी अनेकदा धीट व्हायला शिकते. त्यातल्या दुसऱ्या सीझनची एक कथा मात्र मला फार आवडते. ठामपणाचं शिक्षण घेऊन ती दुसऱ्या टोकाला जाते आणि मैत्रिणींनाच दुखावते. तिथे प्रश्न बदलला: आधी ‘धीट कसं व्हायचं’ होता, आता ‘धीट होऊन मऊ कसं राहायचं’ झाला. दोष पुन्हा वापरायचा असेल तर प्रश्न बदला. सोकाचंही तसंच. मुली लढू शकत नाहीत हा त्याचा तोरा चौथ्या भागातच उतरतो. सुकी या लढवय्या मुलीच्या तुकडीकडून मार खाल्ल्यावर तो गुडघे टेकून शिकवा म्हणतो आणि त्यांचा पोशाखही घालतो. पण ‘मी कमी आहे’ हे मूळ तिसऱ्या सीझनमध्ये पुन्हा वर येतं, तेव्हा तो तलवार शिकायला जातो.

चित्रात उतरवा

ॲनिमेशनमध्ये काहीही फुकट दिसत नाही. प्रत्येक गोष्ट कुणीतरी काढावी लागते. म्हणून बायबलमध्ये, म्हणजे मालिकेच्या मूळ दस्तऐवजात, पात्राच्या पानावर दोषाची शारीरिक खूण लिहून द्या. झुकोचा डावा डोळा जळलेला आहे, म्हणून एकाच चेहऱ्याच्या दोन बाजू दोन माणसांसारख्या दिसतात. दुसऱ्या सीझनच्या पहिल्या भागात तो शेंडी कापतो आणि पुढे केस वाढत जातात. एखादा भाग चुकलेल्या मुलालाही कळतं की काहीतरी बदललंय. मंजू खोटं बोलताना समोरच्याच्या कपाळाकडे पाहते, एवढं एक्स्प्रेशन शीटवर, म्हणजे पात्राच्या हावभावांच्या तक्त्यावर, दिलं की पुरे. मग सीझनच्या शेवटी कुणी वडिलांबद्दल विचारेल, ती त्याच्या डोळ्यांत पाहून “मला माहीत नाही” म्हणेल, आणि त्यावर पार्श्वसंगीताची गरज लागणार नाही.

मुलांपुढे वाचा

ॲनिमॅटिक (स्टोरीबोर्डची चित्रं आवाजासह जोडून केलेला कच्चा व्हिडिओ) बनवण्याआधी, म्हणजे पैसा खर्च व्हायच्या आधी, घसरणीचा भाग चार-पाच मुलांना वाचून दाखवा. मालिका ज्या वयासाठी आहे त्याच वयाची मुलं घ्या. निर्णयाच्या क्षणापाशी थांबा आणि विचारा, “आता ही काय करेल?” सगळ्यांनी एकच उत्तर क्षणात दिलं तर मोह कमकुवत आहे, तो वाढवा. कुणालाच सांगता आलं नाही तर मूळ नीट पोचलेलं नाही, मागच्या भागांत जा. मुलं आपापसात भांडू लागली तर पान तसंच ठेवा. ‘आवडलं का?’ हे विचारू नका, मुलं मोठ्यांना बरं वाटावं म्हणून हो म्हणतात. ती वाचनाच्या वेळी कुठे चुळबुळली ते मात्र समासात टिपून घ्या आणि पुढच्या मसुद्यात आधी तीच पानं उघडा.